आधी सांगण्याची सोय

२०२२च्या उत्तरार्धात महाराष्ट्रातल्या दोन गावांनी मुलांच्या मोबाइलवर दोन वेगवेगळे उपाय काढले. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेनं सरळ ठरावच केला: अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही, वापरला तर दोनशे रुपये दंड. दोन्ही गावांची कळकळ खरी होती. टाळेबंदीत शाळेनंच अभ्यासाच्या नावानं मोबाइल मुलांच्या हाती दिला होता. शाळा पुन्हा भरल्या तरी तो सुटेना, आणि पुढे काय करायचं ते आईबापांना कळेना.

मोबाइल मुलांपासून लांब ठेवायचा की सुरक्षितपणे वापरायला शिकवायचं, हा वाद अजून मिटलेला नाही. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई झाली, तेव्हापासून बंदीची बाजू जास्तच जोरात मांडली जाते. ती बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मुलाची नजर पडद्यावरून हलू नये म्हणून ज्या कंपन्यांत पगारी हुशार माणसं राबतात, त्यांच्यासमोर सहावीतल्या पोराच्या संयमाची परीक्षा घेणं अन्यायाचं आहे. ‘मुलांना शहाणं करा’ हा सल्ला कंपन्यांनाही सोयीचा पडतो, कारण त्यात सगळा भार मुलाच्या डोक्यावर जातो.

पण ऑस्ट्रेलियाचा दाखला देताना दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. तिथला दंड कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला किंवा पालकाला एक पैसाही दंड नाही. शिवाय मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेसाठी त्या देशानं २०१५मध्येच स्वतंत्र आयुक्तालय स्थापन केलं होतं. शाळांना आणि शिक्षकांना लागणारं साहित्य, प्रशिक्षण ते पुरवतं, आणि बंदी आल्यावरही ते काम चालूच आहे. बंदी घालणाऱ्या देशालाही शिकवण्यातून सुटका मिळालेली नाही.

आपल्याकडे तर बंदी राबवणंच अवघड. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची खात्रीशीर संमती आवश्यक केली आहे. हेतू चांगला आहे. पण घरात एकच मोबाइल, सिम वडिलांच्या नावावर, खातं मोठ्या भावाचं आणि बोट सातवीतल्या मुलीचं, अशा घरात कोण कोणाला संमती देणार? ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ २०२४ अहवालात ग्रामीण भारताचं चित्र आहे. १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. त्यांपैकी आदल्या आठवडाभरात अभ्यासासाठी तो वापरलेली मुलं ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. समाजमाध्यमं वापरणाऱ्या मुलांत एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांना माहीत होतं, आणि आपलं खातं खासगी कसं ठेवायचं हे ५५.२ टक्क्यांना. बाकीची मुलं कुणी काही न शिकवता तिथे वावरत आहेत.

खरं तर शिकवायचं की नाही, हा प्रश्न कायद्यानं कधीच निकालात काढलाय. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याखालच्या २०२०च्या नियमांत मुलांना वयानुरूप सुरक्षिततेचं शिक्षण द्यावं असं म्हटलं आहे आणि त्यात आभासी ओळखीच्या संरक्षणाचाही उल्लेख आहे. शाळेतल्या कर्मचाऱ्यांना बालसुरक्षेचं वेळोवेळी प्रशिक्षण मिळालं पाहिजे, हेही त्याच नियमांत आहे. म्हणून वाद घालायचा तर काय शिकवायचं, कुणी शिकवायचं आणि कोणत्या क्रमानं, यावर घालावा.

आज शाळांत साधारण काय होतं? वर्षातून एखादं व्याख्यान. सभागृह नसेल तर पटांगणात सतरंज्या टाकून सगळ्या इयत्ता एकत्र. सायबर पोलीस ठाण्याचे अधिकारी किंवा एखादे तज्ज्ञ येतात. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका, फोटो टाकू नका असं सांगतात. एक-दोन अंगावर काटा आणणारे प्रसंग, शेवटी शपथ आणि आभारप्रदर्शन. या लोकांची मेहनत मी कमी लेखत नाही. १९३० हा नंबर गावोगावच्या मुलांना माहीत झाला तो अशाच कार्यक्रमांतून, आणि फसवणूक झाल्या झाल्या त्यावर फोन गेला तर पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता असते, एवढं ज्ञानही एखाद्या घराची पुंजी वाचवू शकतं. पुण्याच्या क्विक हील फाउंडेशननं कॉलेजच्या विद्यार्थ्यांना तयार करून शाळांत पाठवण्याचा उपक्रम चालवला, तोही मला मोलाचा वाटतो. आठवीतलं मूल दादा-ताईचं बोलणं ज्या कानानं ऐकतं, त्या कानानं साहेबांचं ऐकत नाही.

तरीही नुसत्या ‘करू नका’च्या यादीत एक धोका आहे, आणि तो व्याख्यानाच्या दिवशी दिसत नाही. ज्या मुलीनं आपला खासगी फोटो कुणाला तरी आधीच पाठवलेला आहे, ती त्या सतरंजीवर बसून काय ऐकते? चूक तुझी आहे, हेच. फोटो मिळालेला माणूस तिला धमकावत असतो आणि शाळाही नकळत त्याच्याच म्हणण्याला दुजोरा देते. पुढे ती कुणालाच काही सांगत नाही. घरी सांगितलं तर पहिल्यांदा मोबाइल जातो. मुलगी असेल तर पाठोपाठ क्लास जातो, मैत्रिणीकडे जाणं बंद होतं आणि काही घरांत स्थळं बघायला सुरुवात होते. ‘असर’च्याच आकडेवारीत स्मार्टफोन चालवू शकणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडे. जिच्या हाती फोन मुळातच उशिरा आणि उपकारासारखा आला, तिला तो गमावण्याची भीती जास्त. धमकावणाऱ्याची सगळी ताकद या गप्प बसण्यातून येते. म्हणून डिजिटल सुरक्षेच्या तासाचं पहिलं वाक्य ‘असं काही झालं तर आमच्याकडे ये, आम्ही तुला रागावणार नाही’ हे असावं, आणि नियम त्यानंतर यावेत, असं माझं ठाम मत आहे.

हे वाक्य उच्चारणं सोपं आहे, पण पेलणं फार कठीण. मुलगी खरंच आली तर शिक्षिकेनं काय करायचं? पोक्सोच्या कलम १९नुसार गुन्ह्याची माहिती कळलेल्या कोणालाही ती पोलिसांना द्यावीच लागते. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थाप्रमुखानं हाताखालच्यांचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२मध्ये अशी माहिती दडवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं. म्हणजे ‘बाई, कुणाला सांगू नका हं’ या विनंतीला बाईंना ‘हो’ म्हणता येत नाही. खोटं ‘हो’ म्हणणं तर सर्वांत वाईट, कारण त्या एका प्रसंगानंतर वर्गातलं दुसरं कुणी तोंड उघडणार नाही.

काहींचं म्हणणं असं की या सक्तीमुळेच मुलं सांगत नाहीत, तेव्हा शिक्षकांना त्यातून थोडी मोकळीक हवी. त्यामागची काळजी मला पटते. पण आपल्याकडे शाळेची अब्रू वाचवण्यासाठी प्रकरणं संस्थाचालकांच्या खोलीत मिटवण्याची सवय इतकी जुनी आहे की ती मोकळीक मुलांच्या कामी येण्याआधी संस्थेच्या कामी येईल. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४मध्ये, हे सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा सक्ती राहू द्यावी, मात्र शिक्षकानं मुलाला ती आधीच, वर्गात, शांतपणे सांगून ठेवावी: मला काही गोष्टी पुढे कळवाव्या लागतील, पण कळवताना मी तुझ्या बाजूला असेन आणि तुला विचारल्याशिवाय तुझं नाव वर्गात कुणापर्यंत जाणार नाही.

दुसरी अडचण यापेक्षा साधी, पण जास्त घातक. काळजीपोटी शिक्षक ‘पुरावा’ म्हणून तो फोटो आपल्या मोबाइलवर घेतात, मुख्याध्यापकांना पाठवतात, मुख्याध्यापक केंद्रप्रमुखांना. लहान मुलाचं अश्लील चित्र बाळगणं आणि पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७बखाली आणि पोक्सोखालीही गुन्हा ठरू शकतं. फोटो घ्यायचा नाही. खात्याचं नाव, लिंक, तारीख, वेळ लिहून ठेवायची आणि मूळ संदेश मुलीच्या फोनवरून पुसू द्यायचे नाहीत. अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाऊन’ नावाची मोफत सोय २०२३पासून आहे. तिथे फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो शोधून काढून टाकतात. हे किती शिक्षकांना कुणी सांगितलंय?

इथे शिक्षकांची बाजूही ऐकायला हवी. पोषण आहाराच्या नोंदी, मतदारयाद्या, यूडायस, अपार आयडी, निरनिराळी सर्वेक्षणं आणि वर हा आणखी एक विषय! त्यांचा वैताग रास्त आहे. शिवाय ते स्वतःच सुरक्षित नाहीत. लग्नपत्रिकेच्या नावाखाली आलेली एपीके फाइल उघडून व्हॉट्सअ‍ॅप खातं हातचं जाणं, खोट्या ‘डिजिटल अटके’ची धमकी, बाईंच्या प्रोफाइलवरचा फोटो उचलून केलेलं बनावट खातं, वर्गात चोरून काढलेला रील, हे शिक्षकांच्याच वाट्याला येतं आणि तेही लाजेनं गप्प बसतात. ज्यानं स्वतःची फसवणूक सहकाऱ्याला सांगितली नाही, त्यानं मुलाला ‘मोकळेपणानं बोल’ म्हणायचं कशाच्या बळावर?

शाळेची स्वतःची वागणूक हाही एक धडाच असतो. वर्गात आधार क्रमांक कुणाला देऊ नका म्हणायचं आणि वर्गाची आधार क्रमांकांची अख्खी यादी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘नावं तपासा’ म्हणून टाकायची, हे अनेक ठिकाणी चालतं. शाळेच्या पोर्टलचा पासवर्ड कोपऱ्यावरच्या नेट कॅफेवाल्याला तोंडपाठ असतो. यात शिक्षकांचा दोष थोडा, आज दुपारपर्यंत माहिती भरा असा संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेचा मोठा.

म्हणून मी नवा विषय, नवं पुस्तक किंवा नवी परीक्षा मागणार नाही. केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, शिक्षण परिषदा होतात. त्यातला एक तास आधी शिक्षकांच्याच फोनवर खर्च करावा: व्हॉट्सअ‍ॅपचं दुहेरी संरक्षण, आधारचं बायोमेट्रिक कुलूप, खात्यांचे वेगवेगळे पासवर्ड. पुढचा तास एका प्रसंगावर: मूल आलं, आता पहिल्या दिवशी काय करायचं, कुणाला फोन करायचा, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ कधी आणि सायबर फसवणुकीसाठीचा १९३० कधी, पालकांना काय शब्दांत सांगायचं. २०२२च्या शासन निर्णयानं मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या सखी-सावित्री समित्या बहुतेक शाळांत फलकावरच्या नावांपुरत्या उरल्या आहेत. त्यातल्या दोघीजणींना तरी हे प्रशिक्षण मिळावं आणि मुलांना त्यांचे चेहरे माहीत असावेत. वर्गात मग पाचवीला पासवर्ड आणि अनोळखी कॉल, आठवीला फोटो आणि बनावट व्हिडिओ, दहावीला कर्ज देणारी अ‍ॅप आणि नोकरीच्या खोट्या जाहिराती, असं वयाप्रमाणे घेता येईल. कर्जाच्या अ‍ॅपचं व्याज गणिताच्या तासाला काढता येतं, फसवा संदेश मराठीच्या तासाला वाचता येतो.

वडगावच्या भोंग्यात मला एक गोष्ट फार पटली होती. त्या दीड तासात टीव्ही मोठ्यांचाही बंद होता. शिक्षण विभागानंही तेवढंच करावं: ज्या दिवशी शिक्षण परिषदेत हा तास असेल, त्या दिवशी त्या केंद्रातल्या एकाही शिक्षकाकडे तातडीची ऑनलाइन माहिती मागू नये.