आधी शोध, मग बदल!

२०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली. बोलताना आपण नगरकर अजून 'नगर'च म्हणतो, ते सोडा! पण ऑफिसच्या डिरेक्टरी सर्व्हरचं काय? एचआरचं फर्मान आलं, 'सगळ्यांचे पत्ते बदला, आजच.' मी म्हटलं, बॉस, आधी बघू तर द्या!

टर्मिनल उघडायचं आणि 'एलडॅपसर्च' चालवायचं. ही कमांड फक्त वाचते, काही बदलत नाही. म्हणून बिनधास्त! शहराचं नाव 'एल' या रकान्यात असतं. तिथे कॅपिटल-स्मॉलनं फरक पडत नाही, स्पेलिंगनं मात्र पडतो. अहमदनगरच्या 'म'नंतर कुणी ई लिहितं, कुणी ए. कुणी नुसतंच 'नगर'. मधे चांदणी टाकून 'अह*नगर' इंग्रजीत शोधाल, तर अहिल्यानगरवालेही जाळ्यात येतील आणि 'नगर'वाले निसटतील. त्यापेक्षा प्रत्येक स्पेलिंग वेगळं शोधा.

आणि हो, बरोब्बर ५०० नावं आली तर खूश होऊ नका. ओपनएलडॅप सर्व्हर मुळात एका वेळी तेवढीच देतो. बाकीची मंडळी आतच राहतात, जुन्या पत्त्यासकट. उद्या त्यांचंच पत्र परत आलं, तर फोन कुणाला येणार? आपल्यालाच ना!