आधीं प्रयोग, मग लागवड

आपल्या देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकीं शेंकडा ८५ हून अधिक भाग परदेशांतून विकत आणावा लागतो, हें वाचकांस विदित आहेच. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं पुरवठा आखडता घेतला, तेव्हां कांहीं महिन्यांतच तेलाचा भाव सुमारें चौपट झाला. अशा वेळीं बसणारा चटका राजधानीपुरता राहत नाहीं. तो खेड्यांतील विहिरीवरच्या एंजिनापर्यंत पोंचतो. तेव्हां हें परावलंबन कमी व्हावें याविषयीं दुमत नाहीं. दुमत आहे तें मार्गाविषयीं. आणि त्या मार्गांत शेतकऱ्याची जमीन व पाणी गुंतलेलीं असल्यामुळें चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मोगली एरंडाची हकीकत पुष्कळांच्या स्मरणांत असेल. २००३ सालीं योजना आयोगाच्या समितीनें या झाडाच्या बियांपासून डिझेलऐवजीं वापरण्याजोगें तेल काढण्याची शिफारस केली. पडीक जमिनींत, पाण्याखतावांचून तें भरघोस येतें, असा गवगवा झाला व ठिकठिकाणीं रोपें लागलीं. अनुभव निराळा आला. झाड पडीक जमिनींत जगतें खरें. पण जगणें निराळें आणि फळणें निराळें. पारखून निवडलेली जात हातीं नव्हती, उत्पन्न अंदाजाच्या जवळपासही गेलें नाहीं, आणि बी वेचण्याची मजुरीही सुटेना. दोष झाडाचा नव्हे. प्रयोग आधीं व प्रसार मागून, हा क्रम उलटा झाला. आणि त्या उलट्या क्रमाचा भार लागवड करणारासही सोसावा लागला.

हल्लीं इथेनॉलचा बोलबाला आहे. पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा पल्ला २०२५ सालीं गांठला गेला, ही गोष्ट लहान नव्हे. साखर कारखान्यांस त्यामुळें रोकड मिळाली व उंसाचीं बिलें चुकविण्यास मदत झाली, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. परंतु जमेबरोबर खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. साखरेच्या मार्गानें एक लिटर इथेनॉल करण्यास सुमारें २८६० लिटर पाणी लागतें, असें नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत नमूद आहे. २०२३ सालीं पावसानें ओढ दिली, आणि डिसेंबरांत सरकारास उंसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले. शिवाय इथेनॉल मिसळतें तें पेट्रोलांत. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, त्याच्या विहिरीवरील एंजिन व त्याचा माल नेणारा ट्रक हीं चालतात डिझेलवर. आणि देशांत डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणजे शहरांतील मोटारीचें इंधन आपण पिकवितों, आणि आपल्याच एंजिनासाठीं परदेशाच्या तोंडाकडे पाहतों!

मग करावें काय? फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेनें गोड ताटाच्या ज्वारीवर दीर्घकाळ काम करून 'मधुरा' ही संकरित जात काढली. दाणा घरांत, ताटाचा रस इंधनास व चिपाडें जनावरांस, असा तिहेरी लाभ त्या पिकांत आहे. पीक सुमारें चार महिन्यांचें, आणि पाणी उंसाहून पुष्कळच कमी. तरीही तें सर्वत्र पसरलें नाहीं. कारण रस लवकर आंबतो, त्यांत साखर उंसापेक्षां कमी, व तोडणीचे दिवस थोडे. तेवढ्यावर डिस्टिलरी वर्षभर चालत नाहीं. गांवांतच रस आटवून काकवी करावी व ती साठवावी काय, त्यास खर्च किती येईल, हे प्रश्न संशोधनानेंच सुटावयाचे आहेत.

डिझेलपुरता विचार केल्यास गोबर गॅसची उपेक्षा झाली आहे, असें आम्हांस वाटतें. डिझेल एंजिनास हा गॅस जोडल्यास पेट घेण्यापुरतें थोडें डिझेल लागतें, बाकीचें काम गॅस करतो. आणि शेणाचें खत हातचें जात नाहीं. विहिरीवर हें सोपें, पण धांवत्या ट्रॅक्टरवर गॅस बाळगणें अवघड. तेथेंच शास्त्रज्ञांनीं डोकें लढवावें. सौर पंपास तर इंधनच लागत नाहीं. मात्र फुकट उपसा होतो म्हणून विहीर तळास नेण्याचा मोह आवरला पाहिजे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. इंधनाचें कोणतेंही पीक शेतकऱ्याच्या गळ्यांत बांधण्यापूर्वीं कोरडवाहू व बागाईत अशा दोन्ही जमिनींत निदान तीन हंगाम त्याचे प्रयोग व्हावेत. पाणी, मजुरी व उत्पन्न यांचा हिशेब, फसलेल्या प्रयोगांसह, छापून प्रसिद्ध व्हावा. संशोधनाच्या पैशाचा चांगला वांटा डिझेलच्या पर्यायाकडे वळवावा. आणि हें सर्व सरकारनें करावें म्हणून हातावर हात ठेवून बसणें आपणांस शोभत नाहीं. सभासदांनीं तालुक्यागणिक एकेक एकर प्रयोगास द्यावा व त्याची वही चोख ठेवावी.

पेरणीपूर्वीं मूठभर दाणे ओल्या फडक्यांत बांधून उगवण पाहण्याची चाल आपल्यांत जुनी आहे. जो शेतकरी पायलीभर बियाण्यासाठीं इतकी खबरदारी घेतो, त्यानें सबंध शेत इंधनास देतांना ती सोडावी काय?