तिकिटाची खरी किंमत शेवटच्या पानावरच का कळते?

माझी खाला लातूरला राहते. दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीसाठी तिला मुंबईला यावं लागतं. येते लातूर-मुंबई एक्स्प्रेसने, स्लीपरमधून. तिकीट काढून देतो तिच्या दिराचा नातू, अकरावीतला पोरगा. तो मोबाइलवर तिकीट काढतो, प्रिंट आणून देतो आणि खाला त्याच्या हातावर रोख पैसे ठेवते. एकदा तिने चष्मा लावून प्रिंटवरचा आकडा आणि दिलेले पैसे ताडून पाहिले. नव्वदेक रुपयांचा फरक निघाला. घरात ती काही बोलली नाही. मला मात्र फोनवर हळूच विचारलं, ‘‘बेटा, कागदपे कम लिखेला है, तो छोरा जादा कायकू लेता?’’

मी त्या पोराकडून पेमेंटचा स्क्रीनशॉट मागवला. त्याने एक रुपयाही खाल्लेला नव्हता. तिकीट एका खासगी अ‍ॅपवरून काढलेलं होतं. भाड्यावर आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क, त्यावर जीएसटी, मग अ‍ॅपचं स्वतःचं सेवाशुल्क आणि शेवटी ‘फ्री कॅन्सलेशन’ नावाची एक सोय, जी अजिबात फ्री नव्हती. ही सोय त्याने मागितलेलीच नव्हती. चौकटीत बरोबरची खूण आधीपासून होती, ती काढायची राहिली एवढंच.

ती खूण मला ओळखीची होती. पदवीनंतरच्या पहिल्या नोकरीत मी स्वतः असं एक पान लिहिलंय. तिकीट रेल्वेचं नव्हतं, कंपनीही वेगळी, पण पान तेच. चौकट रिकामी ठेवायची की भरलेली, हा कोडमधला एका शब्दाचा प्रश्न असतो. आम्ही निम्म्या ग्राहकांना रिकामी चौकट दाखवली, निम्म्यांना भरलेली, आणि मोजलं. भरलेली खूण फार थोडे लोक काढतात. बैठकीत तो आलेख पडद्यावर आला तेव्हा टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. त्या आलेखात कुठेतरी एक खाला असेल आणि तिच्या घरातला एखादा पोरगा विनाकारण चोर ठरेल, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

आता मूळ शुल्काकडे येऊ. आयआरसीटीसी स्लीपरसारख्या बिगर-एसी तिकिटावर 15 रुपये आणि एसीवर 30 रुपये सुविधा शुल्क घेते, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 17.70 आणि 35.40. यूपीआयने पैसे भरले तर हेच 11.80 आणि 23.60 होतं. हे चोरून घेतलं जात नाही, पैसे भरण्याचा मार्ग निवडताना ते तिथे लिहिलेलं असतं. पण गाडी शोधताना जो आकडा दिसतो, ज्याच्यावर आपण घरात ‘एवढे लागतील’ म्हणून सांगतो, त्यात ते धरलेलं नसतं.

या शुल्काचा इतिहास गमतीचा आहे. नोटाबंदीनंतर लोकांनी ऑनलाइन व्यवहार करावेत म्हणून 23 नोव्हेंबर 2016 पासून ते काढून टाकलं होतं. सवय लागली. मग 1 सप्टेंबर 2019 पासून ते परत आलं आणि पुढच्याच महिन्यात आयआरसीटीसी शेअर बाजारात उतरली. या पैशाचं वजन किती, ते ऑक्टोबर 2021 मध्ये कळलं. सुविधा शुल्काचं निम्मं उत्पन्न आम्हाला द्या, असं रेल्वे मंत्रालयाने कंपनीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच शेअर पाव भागाने कोसळला आणि मंत्रालयाने त्याच दिवशी निर्णय मागे घेतला. प्रवाशांनी वर्षानुवर्षं केलेल्या तक्रारींना असा एका दिवसात प्रतिसाद मिळाल्याचं मला तरी आठवत नाही.

सर्व्हर फुकट चालत नाहीत, हे मला चांगलं माहीत आहे. पण ‘सुविधा’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. राखीव तिकिटांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त तिकिटं आता ऑनलाइन निघतात. त्या प्रत्येक तिकिटामागे रेल्वेची एक खिडकी, एक कारकून आणि रांगेतली पाच मिनिटं वाचतात. मग सुविधा नेमकी कोणाची? आणि तिकीट वेटिंगमध्येच राहून चार्ट बनल्यावर आपोआप रद्द झालं, तरी हे शुल्क परत मिळत नाही. प्रवास नाही, बर्थ नाही, सुविधेचे पैसे मात्र गेले.

तरीही खरा राग मला त्या सतरा रुपयांचा नाही, किंमत सांगण्याच्या पद्धतीचा आहे. गाडी निवडली, सहा जणांची नावं-वयं भरली, ओटीपी आला, घड्याळ उलटं धावतंय, आणि तेव्हा खरी बेरीज समोर येते. अशा वेळी मागे कोण फिरणार? तत्काळ असेल तर विचारूच नका. याला ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणतात, किंमत ठिबकत ठिबकत सांगायची. मराठवाड्यात ठिबक मोसंबीला चांगलं, गिऱ्हाइकाला नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 13 प्रकार दिले आहेत. किंमत ठिबकवणं आहे, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं आहे, आणि नकार देणाऱ्याला लाजवणंही आहे. त्याचं उदाहरण तर विमानाच्या तिकिटाचं आहे : विमा नको असेल तर ‘मी असुरक्षित राहीन’ या वाक्यावर बोट ठेवा! जून 2025 मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी स्वतःच करायला सांगितलं गेलं. स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा असेल तर मीही मेरिटमध्ये येतो.

तुमच्यापैकी बरेच जण घरातले ‘तिकीट काढून देणारे’ आहात, म्हणून कामाचं बोलतो. सुविधा शुल्क तिकिटामागे लागतं, माणसामागे नाही. एका तिकिटावर सहा जण बसतात, तेव्हा अम्मी-अब्बांचं आणि भावाचं वेगवेगळं काढू नका. यूपीआय वापरा. पैसे भरण्याआधी प्रत्येक चौकट बघा. न मागितलेलं काही लागलं असेल तर स्क्रीनशॉट ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. स्टेशन जवळ असेल तर खिडकीवर हे शुल्क लागत नाही, हेही घरच्यांना सांगा.

आणि जे माझ्यासारखे कोड लिहितात, किंवा दोन वर्षांनी लिहिणार आहेत, त्यांच्या हातात ती चौकट कधी ना कधी येणारच. ती रिकामी असावी, असं बैठकीत म्हणून बघा. नोकरी जात नाही, फार तर मॅनेजर भुवई उंचावतो. मला हे म्हणायला आठ वर्षं आणि दुसरी कंपनी लागली.

खालाचं तिकीट आता तो पोरगा आयआरसीटीसीवरून काढतो, यूपीआयने. आधी शेवटच्या पानाचा फोटो तिला दाखवतो, मगच पैसे भरतो. हा नवा नियम कुठून आला, ते त्याने मला दोनदा विचारलं. खालाला त्याच्यावर शंका आली होती, हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.