पाहिले

गेल्या रविवारी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीची निवडणूक पार पडली. ती मी पार पाडली, असे म्हणणारा कोणी अद्याप भेटलेला नसल्यामुळे ही नोंद येथे मीच करून ठेवतो. अडीचशेपर्यंत सभासद असलेल्या संस्थांनी आपली निवडणूक आपणच घ्यावी असा कायदा झाल्यापासून, जो स्वतः उभा राहणार नाही, ज्याचे कोणाशी फारसे सख्य नाही आणि ज्याला दुपारची झोप येत नाही, अशा गृहस्थाचा आमच्या इमारतीत शोध सुरू झाला होता. तो पहिल्या मजल्यावर, म्हणजे माझ्या दारापाशी येऊन थांबला, आणि निवडणूक अधिकारी नावाचे घोंगडे माझ्या गळ्यात पडले.

आमचे चिटणीस वयाने तरुण व स्वभावाने घाईचे आहेत. मतदान मोबाइलवर घ्यावे, म्हणजे पाच मिनिटांत निकाल हाती येईल, असा त्यांचा आग्रह होता. पाच मिनिटांत निकाल लागला तर हरणाऱ्याने आपली समजूत घालायची केव्हा, असे मी त्यांना विचारले. माझा स्वभावच तसा आहे. बेरीज एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. सारांश, कागद आले, खोक्याला वरून फट पाडली गेली, आणि लाख कोठे मिळेना म्हणून मोहोरेच्या जागी चिकटपट्टी लावून तिच्यावर मी सही केली.

मतमोजणीची रीत काळाप्रमाणे बदलत आलेली आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह असे. नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापलेली, एक रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका, तिच्यावर कसलीही खूण न करता, मतदाराने हव्या त्या पेटीत टाकली की त्याचे कर्तव्य संपले. काही पेट्यांतून मतांबरोबर नाणी आणि उमेदवारांच्या नावे लिहिलेल्या चिठ्ठ्याही निघाल्या. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सगळी नावे एका कागदावर आली, मतदाराच्या हाती शिक्का आला आणि मोजणाऱ्याच्या कपाळी वाचन आले. पुढे १९८२ साली केरळातील परूर येथे यंत्र प्रथम अवतरले, २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ते देशभर पसरले, आणि कागद उरला तो टपाली मतांपुरता, विधान परिषदेच्या पसंतीक्रमांपुरता आणि आमच्यासारख्या संस्थांपुरता.

आमचे सभासद ७६. पैकी ६१ जणांनी मतदान केले. जागा ११ आणि उमेदवार १४. येथे पहिली अडचण उभी राहिली. एका मतपत्रिकेवर एकच मत असेल तर तिचे गठ्ठे लावता येतात, परंतु एकाच कागदावर अकरा-अकरा खुणा असल्या की तो कागद एका गठ्ठ्यात घालायचा कसा? तेव्हा एकाने नावे पुकारायची, दुसऱ्याने फळ्यावर उभ्या रेघा ओढायच्या, पाचवी रेघ आडवी मारायची, आणि तिसऱ्याने या दोघांवर डोळे वटारून बसायचे, हाच एक मार्ग उरतो. एकसष्ट गुणिले अकरा म्हणजे जवळजवळ पावणेसातशे वेळा नावे पुकारावी लागतात. तळमजल्याच्या वाहनतळात, दोन मोटारींच्या मधोमध मांडलेल्या टेबलाशी हा विधी चालू असता, चौतिसाव्या कागदापाशी पुकारणाऱ्याचा आवाज बंद पडला.

मतपत्रिका निर्दोष होती. अकरा नावांपुढे अकरा खुणा, त्याही चौकटीच्या बरोबर मध्यभागी. मात्र खाली डाव्या कोपऱ्यात, तिरकस व वळणदार अक्षरांत, ‘पाहिले’ असा शेरा होता. त्याखाली आद्याक्षरांची सही आणि सहीखाली तारीख. तिसऱ्या मजल्यावरचे आमचे आप्पा महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांच्या हातांखालून गेलेला एकही कागद या शेऱ्यावाचून पुढे सरकलेला नाही, आणि संस्थेचे पाणीपट्टीचे परिपत्रकसुद्धा ते ‘पाहिले’ लिहूनच परत पाठवितात. टेबलाभोवती जमलेल्या प्रत्येकाने ते अक्षर ओळखले, आणि प्रत्येकाने आप्पांच्या खुर्चीकडे न पाहण्याची पराकाष्ठा केली. आप्पा समोरच्या मोटारीचा क्रमांक वाचीत बसले होते.

मी तो कागद बाजूला ठेवावयास सांगितले. तो बाजूला ठेवताना मला जे आठवले ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे शक्य नाही.

ऐंशीच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शिक्षक होतो, आणि विधानसभेच्या एका निवडणुकीत मतमोजणी सहायक म्हणून तहसील कचेरीचा हुकूम मला बजावण्यात आला. मोजणी सरकारी धान्याच्या गुदामात होती. पोती हलविली होती, परंतु पोत्यांची धूळ हलविण्याचा हुकूम बहुधा निराळा काढावा लागत असावा. दर पाच मिनिटांनी कोणीतरी शिंके आणि मतपत्रिका उडू नयेत म्हणून चारही टेबलांवरचे सहायक एकदम तळहात पसरीत. त्याच कारणास्तव पंखे बंद होते. तारेच्या जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी दाटीवाटीने उभे होते, आणि आमच्या बोटांवरून त्यांची दृष्टी क्षणभरही ढळत नव्हती. वर्गात माझ्याकडे इतक्या एकाग्रतेने कोणी कधी पाहिलेले नव्हते, हे मला आजही कबूल केले पाहिजे.

पेटी टेबलावर आली की प्रथम तिची मोहोर प्रतिनिधींना दाखवायची, ती अभंग असल्याचे त्यांनी मान्य केल्यावर पेटी उघडायची, ती उपडी करून आत काही अडकून राहिले नाही हे दाखवायचे, आणि मग एकूण मतपत्रिका मोजून मतदान केंद्राध्यक्षाने लिहून दिलेल्या हिशेबाशी ताळा घालायचा. नंतर चिन्हवार लावणी करायची, आणि प्रत्येक चिन्हाचे पंचवीस-पंचवीसांचे गठ्ठे बांधायचे. ज्या शिक्क्याने मतदार मत नोंदवी त्याची फुली साधी नव्हती. तिची चारही टोके एकाच दिशेने वळलेली होती, आणि यात कोणा अज्ञात कारकुनाचे मोठे शहाणपण होते. ओल्या शाईचा कागद घडी घातल्यावर तीच खूण समोरच्या उमेदवारापुढेही उमटते. परंतु आरशात डावे-उजवे उलटते त्याप्रमाणे उमटलेल्या खुणेची टोके उलट दिशेस वळलेली दिसतात, आणि खरी कोणती व सावली कोणती हे तत्काळ कळते. अशा कितीतरी मतपत्रिका आम्ही त्या दिवशी वाचविल्या, आणि त्या कोणाच्या आहेत याच्याशी आम्हांला काहीही कर्तव्य नव्हते.

ज्यांच्याविषयी शंका येई त्या निराळ्या ठेवायच्या. त्यांचा निर्णय निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनीच करायचा. दोन उमेदवारांपुढे शिक्के असतील तर बाद. शिक्काच नसेल तर बाद. मतदार ओळखू येईल असे काही लिहिलेले असेल तर बाद. या शेवटच्या नियमाचे प्रथम मलाही नवल वाटले होते, पण त्याचे कारण रोकडे आहे. ज्याने मत विकत घेतले त्याला माल पोचल्याची पावती हवी असते, आणि कागदावर ठरवून केलेली एखादी खूण हीच ती पावती. मत बाद करण्यापूर्वी ती मतपत्रिका प्रतिनिधींना नीट पाहू द्यायची, पण तिला हात लावू द्यायचा नाही. मग बाद करण्याचे कारण तिच्यावर लिहायचे आणि अधिकाऱ्यांनी आद्याक्षरी करायची.

दुपारी तीनच्या सुमारास माझ्या हाती एक मतपत्रिका आली. तिच्यावर शिक्का कोठेच नव्हता. एका अपक्षाच्या शिलाई यंत्राशेजारी, चिन्हाला स्पर्शही न करता, जांभळ्या शाईचा अंगठा उठविलेला होता. अंगठा डाव्या हाताचा असावा. मधोमध एक आडवी चीर होती, विळ्याची असेल किंवा कोयत्याची, आणि रेषा इतक्या स्वच्छ उमटल्या होत्या की दस्तनोंदणीच्या कचेरीतही कोणी तो पुन्हा मागितला नसता. मी ती मतपत्रिका जाळीसमोर धरली. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी एका आवाजात म्हणाले, “बाद.” दिवसभरात त्यांचे एकमत झाले ते तेवढेच.

बाद तर ती होतीच. नियमाने दिलेल्या शिक्क्याची खूण तिच्यावर नव्हती. परंतु त्या मनुष्याचे काय चुकले, याचा विचार मला अजून सोडीत नाही. ज्याने सातबाऱ्याच्या नकलेसाठी अंगठा दिला, तगाईच्या कागदावर अंगठा दिला, सोसायटीच्या कर्जरोख्यावर अंगठा दिला, पंचनाम्याला पंच म्हणून अंगठा दिला, त्याला सरकारी कागद म्हटला की अंगठा एवढेच आयुष्यभर शिकविले गेले. इतकेच नव्हे, तर त्याच मतदान केंद्रात, मिनिटभर आधी, मतपत्रिकेच्या स्थळप्रतीवर मतदाराची सही वा अंगठा घेण्याचा नियम होता. म्हणजे टेबलाशी बसलेल्या माझ्यासारख्याच एका मास्तराने त्याचे बोट शाईच्या गादीवर टेकवून स्थळप्रतीवर अंगठा उठविला असणार, आणि मग कागद हाती देऊन त्याला आडोशाकडे धाडले असणार. अंगठ्याची शाई ओली होती. एका कागदावर जे सक्तीचे, ते त्याच कागदाच्या दुसऱ्या भागावर निषिद्ध, हा बारकावा त्याला पडद्याआड कोणी समजावून सांगायचा? अधिकाऱ्यांनी आद्याक्षरी केली, ती मतपत्रिका बाद गठ्ठ्यात गेली, आणि तो गृहस्थ त्या रात्री आपण मत दिले असे समजून निजला असेल. यंत्रात मत असे बाद होत नाही. पण अंगठ्यावरची चीरही यंत्रात दिसत नाही.

वाहनतळात आता सर्व मंडळी माझ्याकडे पाहत होती. मी नियम वाचून दाखविला, मतपत्रिका सर्वांना पाहू दिली, कोणाला हात लावू दिला नाही, तिच्यावर कारण लिहिले, आद्याक्षरी केली आणि उरलेल्या सत्तावीस पुकारावयास सांगितल्या. शेवटी अकरावी जागा एका मताच्या फरकाने गेली. आप्पांनी जिच्यापुढे खूण केली होती ती हरलेली व्यक्ती. ते मत धरले असते तर दोघांची मते सारखी होऊन चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या असत्या. हे फळ्यावरून सर्वांनाच दिसत होते. कोणी काही बोलले नाही, आणि चिटणिसांनी खुर्च्या आवरण्यास आरंभ केला.

मी मतपत्रिकांचे पाकीट बंद करीत असता आप्पा टेबलाशी आले आणि बाद मतपत्रिका दाखवा म्हणाले. मी ती त्यांच्यासमोर धरली. त्यांनी हात पाठीमागे बांधले, मान पुढे काढली, आणि आपला शेरा व त्याखालचा माझा शेरा, दोन्ही सावकाश वाचले.

“निर्णय बरोबर आहे,” ते म्हणाले. “फक्त तुमच्या सहीखाली तारीख नाही.”

मी तारीख घातली.