नाव पाहायचे की भिंग?

दुर्बिणींच्या बाजारावर प्रस्थापित नावांचा पगडा आहे. जर्मनीची झाइस कंपनी १८९४ पासून प्रिझमच्या दुर्बिणी विकते. झाइस, लायका, स्वारोव्स्की यांच्या वरच्या श्रेणीतील दुर्बिणीला लाखाहून अधिक रुपये मोजावे लागतात. त्यांचा दर्जा आम्ही नाकारत नाही. पण दर्जावर त्यांचीच मक्तेदारी आहे काय?

तशी ती राहिलेली नाही. झाइसने १९८८ साली आणलेला प्रिझमवरचा फेज लेप आज मध्यम किमतीच्या दुर्बिणीतही मिळतो. अमेरिकेतील वायोमिंगची मेव्हन ही छोटी कंपनी तर मधला व्यापारी वगळून, थेट ग्राहकाला माल विकत बाजारात उतरली.

मग अडते कुठे? छोट्या कंपनीची दुर्बीण दुकानात क्वचितच असते. डोळ्याला लावून पाहायची सोय नाही. जाहिरातीला भांडवल नाही. अनेकींचा स्वतःचा कारखानाही नसतो. चीनमधील ज्या कारखान्यातून त्या माल घेतात, तोच कारखाना थोड्या फेरफाराने तसाच माल दुसऱ्या नावाने इतरांना देतो. शिवाय कंपनी बुडाली की तिची आजन्म हमीही बुडते.

म्हणून छोट्यांनी तपासणीत आणि दुरुस्तीत हयगय करता कामा नये. आणि आपण? ‘८ बाय ४२’ हा आकडा स्वस्त-महाग दोन्हींवर सारखाच असतो. चित्र कडेपर्यंत स्पष्ट आहे का, दोन्ही डोळ्यांना एकच दिसते का, हे पाहावे. घराण्याच्या नावावरून माणसाची किंमत ठरवणे आम्ही नाकारले. मग वस्तूची तरी का ठरवावी?