हाताला गंज चढला नाही, कागदाला चढला

कारखान्यांचे पट्टे पडले. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, इकडं इंदापुरात कर्मयोगी, नीरा-भीमा. सगळीकडं आता मिल खोलायची आणि बॉयलरच्या ट्यूबा बदलायची कामं निघणार. म्हणजे वेल्डरचा हंगाम. आणि नेमक्या याच हंगामात आमच्या भावकीतला एक चांगला वेल्डर घरी बसलाय. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

पोरगं आयटीआय झालेलं. सात वर्षं एका कॉन्ट्रॅक्टरकडं बॉयलरच्या कामावर होतं. पाइपला टिगनं रूट, वर रॉडचं फिलिंग. हात असा की एक्स-रेमध्ये त्याचा जॉइंट सहसा परत येत नाही. मी स्वतः फॅब्रिकेशनमध्ये आयुष्य काढलंय, म्हणून हे खात्रीनं सांगतो.

मागच्या दिवाळीआधी काम संपलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "पुढचं काम आलं की फोन करतो." फोन काही आला नाही. पोरगं रिकामं बसलं नाही. गावातल्या शेडवर ट्रॉल्या, गेट, ग्रिल करत राहिलं. परवा दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरनं बोलावलं, तर क्यूसीवाल्या साहेबांचा पहिलाच प्रश्न, "गेल्या सहा महिन्यांत टिग कुठं मारलंस? सही-शिक्क्याचा कागद दाखव." कागद कुठनं आणणार? जुन्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केला, तर उत्तर आलं, "फाइल साइटवर राहिलीय, बघतो." चार दिवसांत जागा भरली.

आता नियम काय आहे ते सांगतो, कारण आपल्या बऱ्याच पोरांना तो काम गेल्यावरच कळतो.

आयटीआयचं सर्टिफिकेट आयुष्यभराचं असतं. पण वेल्डर क्वालिफिकेशन वेगळी गोष्ट. एएसएमई कोडच्या सेक्शन नऊप्रमाणं एखादी प्रोसेस सहा महिने वापरली नाही तर त्या प्रोसेसचं क्वालिफिकेशन संपतं. आयएसओ 9606 मध्येही दर सहा महिन्यांनी जबाबदार माणसाची सही लागते. बॉयलरच्या आयबीआर सर्टिफिकेटची मुदत वेगळी, दोन वर्षांची.

बरं, गावातलं गेट-ग्रिल यात मोजत नाहीत. एएसएमईप्रमाणं काम ज्या कंपनीनं टेस्ट घेतली तिच्या देखरेखीखाली झालेलं पाहिजे. म्हणजे पोरानं हिवाळाभर रोज रॉड जाळले तरी कागदावर तो सहा महिने बिनकामाचाच.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. को-जनरेशनचे बॉयलर 67, 87, 110 किलोच्या प्रेशरला चालतात. तिथं कच्चा जॉइंट म्हणजे कुणाच्या तरी घरचा माणूस जाणार. टिगचा हात सवय मोडली की बिघडतो, हेही खरं. तपासणी पाहिजेच.

पण आपल्या भागाचं कॅलेंडर बघा. बाहेरच्या वेल्डरला कारखान्यात काम मिळतं ते पट्टा पडल्यापासून मोळी टाकेपर्यंत. ऑक्टोबरला काम संपलं की पुढचं थेट एप्रिल-मेला. मधे किती महिने झाले? सहा! उसाचा हंगाम आणि क्वालिफिकेशनची मुदत अशी काही जुळलीय की कायम नोकरी नसलेला वेल्डर दरवर्षी काठावर येऊन पडतो. यात पोराचा आळस कुठं आला?

दुसरी गोष्ट. मुदत पोराची, पण रेकॉर्ड कॉन्ट्रॅक्टरकडं. कुणी, कधी, कुठल्या प्रोसेसनं काम केलं, ही कंटिन्यूइटीची नोंद कंपनीच्या फाइलीत असते. कपाट त्यांचं, किल्ली त्यांची, आणि कागद नाही म्हणून घरी जायचं आपण. याला काय म्हणायचं?

काही जण म्हणतील, नवीन कंपनी स्वतःची टेस्ट घेतेच, मग जुना कागद कशाला? बरोबर आहे, टेस्ट घेतातच. पण शटडाऊनच्या घाईत टेस्टला कुणाला उभं करायचं हे जुन्या कागदावरनंच ठरतं. पन्नास पोरं गेटवर असली की ज्याच्या हातात फाइल, तो आत.

म्हणून पोरांनो, आधी तुमच्या हातातलं करा. काम संपायच्या दिवशी, हिशेब घेतानाच, तीन कागद मागून घ्या: टेस्टच्या रिपोर्टची झेरॉक्स, ज्या डब्ल्यूपीएसवर काम केलं त्याचा नंबर, आणि कंटिन्यूइटी शीटची सही-शिक्क्याची कॉपी. तारीख आणि प्रोसेस त्यावर स्पष्ट पाहिजे. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. नंतर फोन करून काही मिळत नाही. खोटी सही मात्र कुणाकडनं घेऊ नका. उद्या ट्यूब फुटली तर पहिला तोच कागद बाहेर निघतो.

अजून एक. जुन्याच कंपनीत परत चाललाय आणि सहा महिने उलटलेत? मग सगळ्या टेस्ट पहिल्यापासून द्यायची गरज नाही. एएसएमईमध्ये त्या प्रोसेसचा एकच टेस्ट पीस पास झाला की आधीची त्या प्रोसेसची क्वालिफिकेशनं पुन्हा चालू होतात. प्लेट असो वा पाइप, कुठल्याही पोझिशनला. पण रॉडचा पीस टिगला चालत नाही, प्रत्येक प्रोसेसचा वेगळा. हे साहेबांना नम्रपणे विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता मोठ्यांना विनंती. बारामती एमआयडीसी आपल्याकडं आहे. वालचंदनगरला तर इस्रोच्या रॉकेटसाठी मोटर केसिंग बनतात, म्हणजे वेल्डिंग काय असतं हे या तालुक्याला कुणी शिकवायला नको. कारखाने आहेत, बारामतीला आणि इंदापूरला सरकारी आयटीआय आहेत, तिथं वेल्डिंगचे बूथ आहेत. एएसएमईच्या कोडमध्ये अनेक कंपन्यांनी मिळून एकत्र टेस्ट घ्यायची आणि कंटिन्यूइटीची नोंद आपसात ठेवायची सोय आहे. मग कंपन्यांनी, कारखान्यांनी आणि कॉन्ट्रॅक्टरांनी मिळून वर्षातनं दोन दिवस ठरवायला काय हरकत आहे? एक दिवाळीनंतर, एक पट्टा पडायच्या आधी. बूथ आयटीआयचा, क्यूसीचा माणूस कंपन्यांचा, प्लेट-पाइपचा खर्च वाटून. एका वेल्डरमागं एक टेस्ट पीस. यात फायदा त्यांचाही आहे. मेमध्ये ऐन घाईत बाहेरच्या जिल्ह्यातनं वेल्डर शोधत फिरावं लागणार नाही.

1923 चा बॉयलरचा कायदा जाऊन 2025 मध्ये नवा आला. नियम नव्यानं बघितले जात असताना आपल्या लोकप्रतिनिधींनी एवढं तरी मागावं, की वेल्डरच्या कंटिन्यूइटीच्या नोंदीची एक कॉपी वेल्डरला देणं बंधनकारक करा. पगाराची स्लिप देता ना? तशीच ही.

आमच्या पोरानं काल पुन्हा जुन्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. "बघतो" हेच उत्तर. तो अजून शेडवर ग्रिल मारतोय.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी वेल्डर असेल तर त्याला ही पोस्ट दाखवा. आणि आयटीआयचे सर, कारखान्याचे चीफ इंजिनिअर किंवा एमआयडीसीतले कुणी वाचत असतील तर कमेंटमध्ये सांगा, पहिला दिवस कधी धरायचा? पोरं गोळा करायची जबाबदारी माझी.