पृथ्वीचं वस्तुमान ‘दिलेलं’ का असावं?

दहावीच्या ‘अवकाश मोहिमा’ पाठात उपग्रहाचा वेग काढायचा असतो. मुलं सूत्र लिहितात, किमती घालतात, गुण घेतात. पृथ्वीचं वस्तुमान मात्र ‘दिलेलं’ असतं. ते कोणत्या तराजूत तोललं, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते आधी हाच प्रश्न वर्गात यावा.

तराजू म्हणजे चंद्र! तो सुमारे ३,८४,००० किमी अंतरावरून २७.३ दिवसांत एक फेरी मारतो. कक्षेच्या परिघाला या वेळेने भागलं की वेग मिळतो, सेकंदाला सुमारे १.०२ किमी. चंद्राला कक्षेत धरणारं अभिकेंद्री बल म्हणजेच पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण. दोन्ही बलं समान मांडा. चंद्राचं वस्तुमान दोन्हीकडून कटतं. उरतं ते असं:

पृथ्वीचं वस्तुमान = (वेगाचा वर्ग × अंतर) ÷ गुरुत्व स्थिरांक

किमीचे मीटर करायला विसरू नका. उत्तर येतं सुमारे ६ वर २४ शून्यं, इतके किलो! उपग्रह जड असो की हलका, त्याच कक्षेत वेग तोच का, हेही इथेच उमगतं.

“अभ्यासक्रम कधी संपवायचा?” ही अडचण खरीच आहे. पण यासाठी एकच तास लागतो. त्याच साच्यातली पाच उदाहरणं कमी सोडवली तरी चालेल.

पालकांनो, आज मुलांना “किती गुण?” ऐवजी “पृथ्वी कशी तोलली?” असं विचारून बघा.